सही करण्याआधी

फौजेत क्वार्टर मिळायचं, त्यामुळे घरमालक हा प्राणी मला साठीनंतरच भेटला. मुलगी नोकरीनिमित्त कुंभकोणमला, म्हणून स्वामीमलैच्या रस्त्याला एका शांत वसाहतीत फ्लॅट बघायला गेलो. मालकीणबाई चक्क तंजावरी मराठी बोलल्या! भोसल्यांच्या राज्यात तिकडे गेलेलं घराणं. आपली भाषा ऐकून मी विरघळलोच. डिग्री कॉफी झाली, मी पेन उघडलं.

आमच्या हिनं हात धरला. "अहो, आधी वाचा."

दहा महिन्यांचं भाडं अ‍ॅडव्हान्स! तिकडे अनामतीला अ‍ॅडव्हान्सच म्हणतात. तमिळनाडूच्या २०१७ च्या भाडेकरू कायद्यात अनामतीची मर्यादा तीन महिन्यांच्या भाड्याची आहे, पण करारात वेगळं ठरलं असेल तर तेच धरतात. म्हणजे माझी सही माझ्यावरच उलटणार होती. आयुष्यभर हुकूम दोनदा वाचणारा मी, चार मराठी शब्दांवर पेन्शनची पुंजी देऊन बसलो असतो.

बाई रागावल्या नाहीत. घासाघीस होऊन चार महिन्यांवर तुटलं, करार लेखी झाला. चावी मात्र लगेच घेतली नाही. आडी महिन्यात तिकडे घर बदलत नाहीत. आवणी लागेपर्यंत आम्ही दोघं लॉजवर.