संगमाच्या गावी स्वागत

संमेलनाध्यक्ष महोदय, कीर्तनकार महाराज मंडळी, देवळा-मशिदींतून, चर्च-विहारांतून आलेले बंधुभगिनी आणि तरुण मित्रांनो,

रामकृष्ण हरि! रांजणगाव सांडसला आपले मनापासून स्वागत. रांजणगाव म्हटले की पाहुणे महागणपतीकडे वळतात. आमचे गाव त्याच शिरूर तालुक्यातले, पण भीमाकाठचे. पलीकडे दौंड तालुका. पुण्याहून आलेली मुळा-मुठा इथेच भीमेला मिळते. सकाळी आपण संगमावर गेलात, तेव्हा वास आलाच असेल. पुण्याचे, पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी घेऊन ती येते. आळंदीची इंद्रायणी तर वर तुळापूरलाच भीमेत आलेली असते. हेच पाणी उजनीत साठते आणि पुढे पंढरपुरात आपण त्याला चंद्रभागा म्हणतो, तीर्थ म्हणून ओठाला लावतो. म्हणून नदीबद्दल बोलण्याचा पहिला हक्क वारकऱ्याचा आहे, असे मी मानतो.

आता पावसाचे. 14 ऑक्टोबर 2020 ला दौंड-इंदापुरात ओढे फुटून उभी पिके वाहून गेली. 31 ऑक्टोबर 2023 ला सरकारने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत शिरूर होते आणि दौंडही. तीन वर्षांच्या अंतरात दोन्ही टोके! जगाच्या धुराने हवामान बिघडते, ते असे. दुसऱ्याच्या रानात खुरपणाऱ्या आमच्या बाईने असा किती धूर हवेत सोडला, की रोजगार तिचाच बुडावा?

हाच सवाल आफ्रिकेतली पोरे जगाला करताहेत. जगाच्या कार्बन उत्सर्जनात त्या अख्ख्या खंडाचा वाटा जेमतेम चार टक्के. युगांडाची व्हनेसा नकाटे हे सांगत जगभर फिरते. दक्षिण आफ्रिकेत 2005 पासून वेगवेगळ्या धर्मांची माणसे पर्यावरणासाठी एका संस्थेत काम करतात. 2022 मध्ये इजिप्तच्या शर्म अल-शेखला झालेल्या हवामान परिषदेत नुकसानभरपाईचा निधी उभारायचे ठरले, त्यामागे अशा आवाजांचा रेटा होता. इथिओपियात चर्चभोवतीची जुनी झाडे श्रद्धेनेच राखली आहेत. ते वाचताना मला आपल्या भीमाशंकरकडच्या देवराया आठवल्या. भीमा उगम पावते ती त्याच डोंगरात.

तरुणांनो, ठराव तुम्हीच लिहा. शहरांनी सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडावे, ही मागणी त्यात ठसठशीत असू द्या. आम्ही काठावरची गावे सह्या करू.

पंगत दीड वाजता. भाकरी घराघरांतून आली आहे. पिण्याला मात्र जारचे पाणी ठेवले आहे. दोन नद्यांच्या गावात पाहुण्याला ओंजळभर नदीचे पाणी देता येत नाही, याचे मला फार वाईट वाटते.