विश्रांती ही मेहेरबानी नव्हे



रविवारची सुटी आज आपणांस अगदी स्वाभाविक वाटते. परंतु मुंबईच्या गिरणी कामगारांना ती सहजासहजी लाभलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी अनेक वर्षे चळवळ केली आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी ती मान्य केली. पुढे कायद्याने कारखान्यांतील कामाचा आठवडा १९२२ साली ६० तासांचा झाला व १९४६ साली तो ४८ तासांवर आला.

ही मर्यादा आरोग्यासाठीही किती आवश्यक आहे, हे जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या संयुक्त अभ्यासाने दाखवून दिले. आठवड्यास ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, ५५ वा अधिक तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. सततच्या ताणाने रक्तदाब वाढतो, झोप अपुरी राहते आणि माणूस तंबाखूच्या आधाराने दिवस रेटू लागतो.

राज्य शासनाच्या कार्यालयांत २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला. परंतु ज्यांचे तास कोणीच मोजत नाही, त्यांचे काय? दरवर्षी बीड जिल्ह्यातून ऊसतोडणीसाठी हजारो जोडपी गाव सोडतात. पहाटे फडात उतरायचे आणि गाडी भरेपर्यंत थांबायचे नाही, असा त्यांचा क्रम. मजुरी टनावर मिळते. आठवडी सुटी ठाऊक नाही. आजारपणाने खाडा झाला तर उचलीच्या हिशेबात उलट पैसे कापले जातात. जेथे विश्रांतीलाच दंड आहे, तेथे दुखणे अंगावर काढण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

यासंबंधी आपण पुष्कळ करू शकतो. हंगामापूर्वी व परतल्यावर या कुटुंबांची प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करवून घ्यावी. आजारपणाचा खाडा कापू नये, असे मुकादमांना ग्रामसभेत बजावावे. आणि प्रारंभ आपल्याच घरापासून करावा. ग्रामपंचायतीच्या सफाई कामगाराला व पाणी सोडणाऱ्या शिपायाला आठवड्याची हक्काची सुटी मिळते काय, हे आधी पाहावे.

लोखंडे यांनी मिळविलेला रविवार ज्या दिवशी फडापर्यंत पोहोचेल, त्या दिवशी त्यांचे कार्य पूर्णत्वास गेले असे म्हणता येईल.