वॅटांचा हिशेब

घरी बसून उत्तम संगीत ऐकावे, ही हौस जुनीच आहे. ती बेताच्या पैशांत भागवू पाहणाऱ्या गृहस्थाची खरी परीक्षा होते ती पॉवर ॲम्प्लिफायर विकत घेताना. तबकडी असो, रेडिओ असो की मोबाइल असो, त्यातून निघणारा विद्युत्संदेश क्षीण असतो. स्पीकरचा पडदा हलविण्याइतके बळ त्याला द्यावयाचे, एवढेच या यंत्राचे काम. काम असे साधे. पण त्याविषयी बाजारात जे सांगितले जाते ते मात्र साधे नसते.

स्वस्त यंत्राच्या खोक्यावर पुष्कळदा हजार वॅट, दोन हजार वॅट असा भव्य आकडा छापलेला असतो आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत ‘पीएमपीओ’ असे लिहिलेले असते. या मापाला सर्वमान्य असे कोणतेही प्रमाण नाही. तेच यंत्र उलटे करून मागची पट्टी वाचली, तर भिंतीतून ते जेमतेम ६० वॅट वीज घेते असे आढळते; आणि घेतल्यापेक्षा अधिक सतत देत राहणारे यंत्र अद्याप जन्मास यावयाचे आहे! अमेरिकेत अशा आकड्यांना आळा घालण्यासाठी १९७४ साली सरकारला नियम करावा लागला. विश्वास ठेवण्याजोगा आकडा तो की, जो ‘आरएमएस’ म्हणून दिलेला असतो, दोन्ही बाजू एकाच वेळी चालू असताना मोजलेला असतो, आणि ज्याच्यासोबत स्पीकरचे ओहम व विकृतीचे प्रमाण स्पष्ट सांगितलेले असते.

मग घराला किती वॅट पुरेत? मध्यम प्रतीच्या स्पीकरला १ वॅट दिला असता १ मीटर अंतरावर सुमारे ८६ डेसिबेल ध्वनी उमटतो. साधे संभाषण ६० डेसिबेलच्या आसपास असते. दहा बाय बाराच्या खोलीत दोन-अडीच मीटरांवर बसलेल्या श्रोत्यापर्यंत हा ध्वनी काहीसा उणावतो खरा, परंतु दोन स्पीकर आणि चार भिंती ती उणीव बरीच भरून काढतात. म्हणजे नेहमीच्या ऐकण्याला वॅटाचा अंशही पुरतो. बाकीची शक्ती लागते ती क्षणांसाठी. विलंबित ख्याल संथपणे चाललेला असावा आणि समेवर डग्ग्याची भरदार थाप पडावी. त्या निमिषात सरासरीच्या कित्येक पट शक्तीची मागणी होते. ती धरूनही अशा खोलीला २० ते ४० वॅट पुष्कळ झाले.

येथे कानाचा एक स्वभाव ध्यानात घ्यावयास हवा. २० वॅटांच्या जागी ४० वॅट आणले, तर ध्वनी वाढतो अवघा ३ डेसिबेल. आवाज दुप्पट झाला असे वाटावयास शक्ती सुमारे दसपट लागते. याउलट ८६ ऐवजी ८९ डेसिबेलचा स्पीकर निवडला, की ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केल्याचे फळ आपोआप पदरात पडते. म्हणून आधी स्पीकर आणि मग ॲम्प्लिफायर, हा क्रम शहाणपणाचा. निवृत्तिवेतनातून पैसे बाजूला टाकणाऱ्याने तो उलटा केला, तर मोठ्या आकड्याचे यंत्र घरात येते, कर्कश स्पीकरांशी त्याची गाठ पडते, आणि चार महिन्यांत त्यावर क्रोशाचे आच्छादन पडून संगीत बंद होते.

इतिहासाचीही साक्ष अशीच आहे. १९४७ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकाने प्रसिद्ध केलेला विल्यमसनचा ॲम्प्लिफायर देशोदेशींच्या हौशी मंडळींनी घरी बांधला. त्याची शक्ती १५ वॅट होती. (त्या काळचे मोठे स्पीकर थोड्या शक्तीत अधिक बोलत, हेही खरे.) १९७८ च्या सुमारास आलेला ‘नॅड ३०२०’ हा किमतीने बेताचा आणि २० वॅटांचा, पण अवघड स्पीकरला तो क्षणभर भरपूर विद्युत्प्रवाह पुरवी, आणि त्यामुळे त्याहून मोठ्या आकड्यांच्या यंत्रांपेक्षा तो पुष्कळांना समर्थ वाटला.

तथापि लहान यंत्राला मर्यादेपलीकडे ताणू नये. शक्ती सरली की ध्वनिलहरींचे माथे कापले जातात, तार स्वर चिरका होतो आणि नाजूक ट्वीटर जळण्याचा संभव असतो. लॅमिंग्टन रोडवर किंवा चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर तळहातावर मावणारे ‘डी’ वर्गाचे ॲम्प्लिफायर आज स्वस्त मिळतात. ते वाईट नव्हेत. परंतु बारा व्होल्टांच्या अडॅप्टरवर चालणारे यंत्र ८ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ असे फार तर ९ वॅट देऊ शकते, मग खोक्यावर काहीही लिहिलेले असो. शिवाय निव्वळ पॉवर ॲम्प्लिफायरला बहुधा आवाज कमीजास्त करण्याची कळ नसते. ती सोय आधीच्या उपकरणात नसेल, तर वेगळा खर्च धरावा.

जुने यंत्र घेणे हा मार्ग कित्येकदा अधिक किफायतीचा ठरतो. मात्र वीस-तीस वर्षांत आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात. ते बदलण्याची मजुरी किमतीत मिळवावी. संगीत बंद ठेवून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर लावावा. तेथे डीसी व्होल्टेज काही मिलिव्होल्टांपुरते असेल तर ठीक. व्होल्टांत दिसले तर ते यंत्र स्पीकर जाळील.

दुकानात दोन यंत्रांची तुलना करताना दोहोंचा आवाज सारखा ठेवण्याचा आग्रह धरावा, कारण किंचित मोठे वाजणारे यंत्र नेहमीच सरस भासते. सोबत परिचयाचे ध्वनिमुद्रण न्यावे. तंबोऱ्यावरची आलापी सर्वांत चांगली. आवाज अगदी लहान करून तंबोऱ्याच्या चार तारा वेगळ्या ऐकू येतात का, हे पाहावे. नंतर संगीत थांबवून ट्वीटरजवळ कान न्यावा. घरी आणल्यावर घूं घूं ऐकू येऊ लागली, तर यंत्र परत नेण्यापूर्वी सारी उपकरणे एकाच प्लगपट्टीला जोडून पाहावीत. पुष्कळदा दोष यंत्राचा नसून अर्थिंगला मिळालेल्या दोन वाटांचा असतो.