चुंबकाला ओढ ऑक्सिजनची

ऑक्सिजन उणे १८३ अंश सेल्सियसच्या खाली नेला की त्याचा फिकट निळा द्रव होतो. हा द्रव ताकदवान चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ओतला, तर तो खाली सांडत नाही. तिथेच लटकून राहतो आणि उकळून उडून जातो. द्रव नायट्रोजन मात्र सरळ खाली वाहतो. द्रव ऑक्सिजनची ही ओढ जेम्स ड्यूअर यांनी १८९१ साली लंडनमध्ये दाखवली.

ही ओढ येते कुठून? प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतःच एक चिमुकला चुंबक असतो. दोघांची जोडी जमली की त्यांचं चुंबकत्व परस्परांत विरून जातं. एकटा राहिलेला इलेक्ट्रॉनच चुंबकाकडे ओढला जातो. आता शाळेत आपण ठिपक्यांनी काढतो ते ऑक्सिजनचं चित्र आठवा. त्यात सगळे इलेक्ट्रॉन जोडीनेच आहेत! म्हणजे चित्र अपुरं आहे.

१९२९ मध्ये जॉन लेनर्ड-जोन्स यांनी याचा उलगडा केला. इलेक्ट्रॉन या अणूचा की त्या अणूचा, हा प्रश्नच सोडून द्यायचा. तो अख्ख्या रेणूचा. अणूंच्या कक्षकांपासून, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या वावराच्या जागांपासून, रेणूचे कक्षक तयार होतात, काही बंध घट्ट करणारे, काही तो सैल करणारे. ऑक्सिजनचे १६ इलेक्ट्रॉन कमी ऊर्जेच्या कक्षकापासून भरत गेलं, की १४ जण जोडीने बसतात. नायट्रोजनचे इलेक्ट्रॉन इथेच संपतात, म्हणून त्याला ओढ नाही. ऑक्सिजनचे दोन उरतात. त्यांच्यापुढे अगदी सारख्या ऊर्जेचे दोन बंधविरोधी, म्हणजे बंध सैल करणारे, कक्षक असतात, आणि अशा वेळी इलेक्ट्रॉन एकत्र न बसता एकेकात एकेक बसतात. चुंबकाला ओढ लागते ती या दोघांमुळे. शिवाय बंध शाळेच्या चित्रातल्यासारखा दुहेरीच राहतो.

मला या विचाराचं खरं सौंदर्य पुढे दिसतं. ऑक्सिजनच्या रेणूला आणखी एक इलेक्ट्रॉन द्या: पोटॅशियम सुपरऑक्साइडमध्ये तसंच घडतं, एकच इलेक्ट्रॉन एकटा उरतो आणि ओढ कमी होते. दोन द्या, तर सोडियम पेरॉक्साइडमध्ये दोन्ही जोड्या पूर्ण होऊन ओढ संपते. प्रयोगशाळेतली मोजमापं हेच सांगतात.

१९४० मध्ये लायनस पॉलिंग यांनी चुंबकाकडे ओढलं जाण्याच्या ऑक्सिजनच्या याच गुणावर पाणबुडीतल्या हवेचा ऑक्सिजन मोजणारं उपकरण बनवलं. भूल देण्याच्या अनेक यंत्रांत आजही हेच तत्त्व वापरतात. रुग्णाच्या श्वासातला नायट्रोजन किंवा भुलीचा नायट्रस ऑक्साइड त्या मापात फारशी ढवळाढवळ करत नाही, कारण त्यांचा एकही इलेक्ट्रॉन एकटा नसतो.