लेहची वाट आणि चालकाचे तास



उन्हाळा आला की आमच्या खराडीत लडाखच्या गोष्टी सुरू होतात. संगणकाच्या कचेऱ्यांतली तरुण मंडळी नकाशा पुढे घेऊन बसतात. स्वतःची गाडी, चार मित्र आणि बारा दिवसांची रजा! आम्ही कामगार-चळवळीतली माणसे. असा नकाशा कोणी दाखविला की आम्ही आधी विचारतो, गाडी कोण हाकणार आणि दिवसाचे किती तास?

पुण्याहून दिल्ली सुमारे साडेचौदाशे किलोमीटर, तेथून श्रीनगर आठशे, आणि पुढे लेह सव्वाचारशेच्या आसपास. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने पगारी चालकाला दिवसाचे आठ तास नेमून दिले होते, आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. तो कायदा आता नव्या श्रमसंहितेत सामावला गेला. डोळ्यांवरची झापड मात्र आहे तिथेच आहे. कंपनीच्या चालकाला चौदा तास राबविलेले पाहून जो हळहळतो, तोच स्वतःच्या गाडीत बसला की सोळा तास हाकतो आणि त्याला हौस म्हणतो! आठ तासांच्या मापाने दिल्लीला तीन दिवस, श्रीनगरला आणखी तीन, कारगिलचा मुक्काम धरून लेहला दोन. आठ दिवस जाण्यातच गेले.

बरे, पोहोचल्यावर लगेच हिंडता येते असेही नाही. खराडी समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर, लेह साडेतीन हजारांवर. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशाइतकाच भरतो. तीन हजार मीटरांच्या वर रोजचा मुक्काम पाचशे मीटरांहून अधिक चढवू नये, असे वैद्यकशास्त्र सांगते. २०२० साली अटल बोगदा झाल्यापासून मनालीची वाट सोपी वाटू लागली आहे. पण बोगद्याने रोहतांग टळतो, पुढची उंची टळत नाही. सरचूचा मुक्काम चार हजारांच्या वर आणि टांगलांग खिंड पाच हजार तीनशेच्या पुढे. म्हणून जाताना श्रीनगर-कारगिलची वाट धरावी, लेहमध्ये दोन दिवस स्वस्थ बसावे आणि मनालीची वाट परतीला ठेवावी. तोवर शरीर सरावलेले असते. थंडीत तहान लागत नाही, तरी पाणी पीत राहावे. आपल्याकडे रोज गाडी धुण्याची सवय आहे, ती मात्र तेथे विसरावी. वर्षाकाठी दहा सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा तो मुलूख आहे.

काही मंडळी आगगाडीने जम्मू गाठून तेथे भाड्याची गाडी घेण्याचा बेत करतात. बाहेरून भाड्याने आणलेली गाडी पँगाँग-नुब्राकडे नेऊ नये, असा लेहच्या टॅक्सीवाल्यांच्या संघटनेचा आग्रह आहे, आणि अशा गाड्या अडविल्याही गेल्या आहेत. पर्यटक यावर चिडतात. आम्हाला ती चीड पटत नाही. ज्यांना चार-पाच महिन्यांच्या हंगामावर वर्ष काढायचे असते, त्यांनी आपला धंदा राखू नये काय? तिथलीच टॅक्सी करावी. आपल्या चालकालाही तेवढे दिवस सुटी मिळते.

आणि ज्या रस्त्याचे फोटो आपण काढतो, तो राखणारे मजूर बहुतेक झारखंडच्या दुमका भागातून आलेले असतात. २०२० च्या टाळेबंदीत त्यांतल्या साठजणांना विमानाने रांचीला परत आणावे लागले, तेव्हा कुठे देशाला त्यांची ओळख झाली. रस्त्यावर काम चालू असले की गाडी हळू न्या आणि धूळ त्यांच्या तोंडावर उडवू नका.

आता रजेचे. जाण्याचे आठ, लेहची विश्रांती दोन, हिंडण्याचे चार, परतीचे सात. एकवीस दिवस झाले. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दर वीस दिवसांच्या कामाला एक दिवस भरपगारी रजा मिळते, म्हणजे दोनशे चाळीस दिवसांना बारा. आणि ती पंचेचाळीस दिवसांपर्यंत साठविता येते. तेव्हा मंडळींनो, यंदाची रजा राखून ठेवा, अर्ज पुढच्या वर्षी करा, आणि त्यात दिवस एकवीसच लिहा. वरिष्ठ बारावर आणू पाहतील. आणू देऊ नका.