छप्पर उडाले, कागद राहिले
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करणे हे काही माझे काम नव्हे. हळदीकुंकवाला दोन शब्द बोलतानाही माझी जीभ अडखळते. पण अध्यक्षाबाई म्हणाल्या, "तुम्ही सोसले ते सांगा, तेवढे पुरे." तेवढेच सांगते.

३ जून २०२० चा दिवस आपल्या श्रीवर्धनात कोण विसरेल? दुपारी निसर्ग वादळ किनाऱ्याला भिडले. टाळेबंदीमुळे आमचे 'हे' मुंबईत अडकलेले. घरात मी आणि सासूबाई. आम्ही दोघी माजघरात भिंतीला चिकटून बसलो होतो. आधी कौले पत्त्यांसारखी उडाली, मग वाडीतला माड आढ्यावर आला. संध्याकाळी वर पाहिले तर उघडे आभाळ! सासूबाई एवढेच म्हणाल्या, "देव्हारा भिजतोय गं, तेवढा हलव."

देव हलवताना कपाटातली पत्र्याची पेटीही हलवली. तीत घरकर्जाच्या कागदांबरोबर घराच्या विम्याची पॉलिसी होती. कर्ज घेताना बँकेने ती काढायला लावली होती. बारा वर्षे मी त्या पेटीवरची धूळ पुसली, पण आतला कागद कधी वाचला नाही. 'ते पुरुषांचे काम' अशी माझी समजूत!

वीज नाही, फोन नाही. चौथ्या दिवशी टेकाडावर चढले तेव्हा कुठे फोन लागला. पॉलिसीचा क्रमांक मी वाचून दाखवला आणि यांनी मुंबईहून कंपनीला कळवले. त्या पॉलिसीत लिहिले होते की, नुकसान झाल्याचे ताबडतोब कळवावे आणि मागणी पंधरा दिवसांच्या आत लेखी द्यावी. पेटी भिजली असती तर हे कळलेही नसते.

आता माझ्या चुका सांगते, कारण त्याच तुमच्या उपयोगी पडतील.

पहिली चूक आवराआवरीची. बाईमाणसाला पसारा बघवत नाही. दुसऱ्याच दिवशी मागल्या पडवीची फुटकी कौले मी गोळा करून वाटेवरच्या खड्ड्यात टाकली. फोटो एकही काढला नाही. पुढे कंपनीने नेमलेला सर्वेअर आला. त्याने वासे मोजले, रिपा मोजल्या, पडलेला माड पाहिला आणि विचारले, "पडवीचे काय गेले?" माझ्याजवळ दाखवायला काही नव्हते. पडवी हिशोबातून गेली.

याचा अर्थ सर्वेअर येईपर्यंत पावसात बसावे असा नाही. ताडपत्री जरूर घालावी. नुकसान आणखी वाढू न देणे हे आपलेच काम असते. मात्र आधी चारी बाजूंनी फोटो काढावेत, फुटके सामान एका कोपऱ्यात रचून ठेवावे आणि ताडपत्रीची, दोरीची, मजुरीची पावती जपावी. सुताराकडून खर्चाचा अंदाजही लेखी घ्यावा. तोंडी आकड्याला तेथे किंमत नाही.

आणखी एक घोटाळा पुष्कळांचा झाला. तलाठ्यांनी पंचनामा केला, म्हणजे विम्याचेही झाले असे वाटले. तो पंचनामा सरकारी मदतीसाठी. विमा कंपनीला वेगळे कळवावे लागते. पंचनाम्याची नक्कल मात्र मागून घ्यावी. पुरावा म्हणून ती उपयोगी पडते.

दुसरी चूक मोठी, आणि ती वादळाच्या कितीतरी आधीची. सुताराचा अंदाज होता १,८०,००० रुपयांचा. पडवी, आधीच किडलेले वासे आणि उरलेल्या लाकडाची किंमत वजा जाऊन १,५०,००० मान्य झाले. मला हायसे वाटले. पण हातात आले १,००,०००! कारण घर पुन्हा बांधायला १२ लाख लागले असते आणि आम्ही विमा उतरवला होता ८ लाखांचा. घराच्या दोन तृतीयांशच विमा, म्हणून नुकसानीचीही दोन तृतीयांशच भरपाई. हप्त्यात आम्ही वर्षाकाठी साडीच्या फॉल-पिकोएवढे पैसे वाचवले होते, आणि एका दिवसात पन्नास हजार गमावले. उरलेली रक्कम माझ्या पाटल्यांनी आणि आपल्या मंडळाच्या भिशीने उभी केली. ते ऋण मी विसरले नाही.

१ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' नावाची पॉलिसी आली आहे. तीत घराचे क्षेत्रफळ खरे सांगितले असेल तर अशी कपात होत नाही. रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते. जमिनीची किंमत तीत धरायची नसते. घरातल्या सामानालाही घराच्या विम्याच्या वीस टक्के, पण दहा लाखांपर्यंत, संरक्षण मिळते. दागिने त्यात येत नाहीत. त्यांचे वेगळे सांगावे लागते.

आमच्या शेजारच्या काकूंची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. त्यांचे कर्ज फिटले होते आणि कर्जाबरोबर विमाही संपला होता. त्या मात्र विमा आहे याच भरवशावर होत्या. त्यांचा सगळा पाखा गेला आणि पेटीतून निघाला मुदत संपलेला कागद. तो हातात धरून त्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

कंपनीचा निर्णय पटला नाही, तर रडत बसू नये. आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. मुंबईला आणि पुण्याला त्यांची कार्यालये आहेत. फी नाही, वकील लागत नाही. फक्त कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जावे.

भगिनींनो, आज घरी गेल्यावर एकच करा. पेटी उघडा आणि चार गोष्टी वाचा: मुदत केव्हा संपते, रक्कम किती, वादळ व पूर त्यात आहेत का, आणि कळवायचे कोणाला. एक नक्कल गावाबाहेरच्या लेकीकडे किंवा भावाकडे ठेवा. आपल्या मंडळाने दर वर्षी मे महिन्यात एक दुपार याच कामाला द्यावी, अशी माझी नम्र सूचना आहे. लोणची-पापड आपण पावसाळ्याआधी करतोच. कागदही त्याच वेळी उन्हाला दाखवावेत.

सासूबाई आता नाहीत. नव्या कौलांखाली त्यांनी दोन पावसाळे काढले, हेच माझे समाधान.