अनुमानाच्या पुढचे पान

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



"तू विद्यापीठात नक्की काय केलंस ते आम्हाला कळेल असं सांग," अशी तंबी मला संयोजकांनी दिली आहे. म्हणून सुरुवात आपल्या प्रयोगशाळेपासूनच करते. प्रयोगवहीत आपण काय लिहायचो, आठवते ना? उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण आणि शेवटी अनुमान. अनुमानाखाली रेघ मारली, सरांची सही घेतली, की प्रयोग संपला. पुढे कृषी विद्यापीठात ३० वर्षे मी तेच करत राहिले. फक्त वहीचा अहवाल झाला.

माझी एक चूक आज सांगणार आहे. कोकम एप्रिल-मेमध्ये पिकते. साली रसात बुडवायच्या, उन्हात सुकवायच्या, पुन्हा बुडवायच्या, पुन्हा सुकवायच्या, हे आपण घरोघरी पाहिले आहे. मधेच पाऊस आला की सोलांना बुरशी. म्हणून मी विजेवर चालणारा ड्रायर तयार केला. प्रयोगशाळेत सोले सुंदर सुकली, रंगही टिकला. मार्चमध्ये एका महिला बचत गटाला तो थाटात दिला, फोटो काढले, ३१ मार्चला प्रकल्प संपला. वर्षाने गेले तेव्हा ड्रायर गोणपाटाखाली झाकून ठेवलेला होता. गटातल्या एक वहिनी म्हणाल्या, "मॅडम, पयलो पावस इलो की लायट जाता. आणि आमका ह्येची गरज तेवाच."

एवढी साधी गोष्ट! मी याच मातीतली, जूनमध्ये आपल्याकडे वीज जाते हे मला माहीत नव्हते का? माहीत होते. पण ते विचारात घेणे माझ्या कामात मोडत नव्हते. त्या ड्रायरवर माझे दोन शोधनिबंध निघाले, बढतीच्या वेळी ते मोजले गेले. ड्रायर वापरात आहे का, हे कोणी विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही.

संशोधन लोकांपर्यंत पोहोचतच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. आपल्या आजूबाजूचे काजूचे डोंगर बघा. काजूत परपरागीकरण होते, त्यामुळे बी लावून केलेले प्रत्येक झाड वेगळे निघते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने निवड आणि संकर करून चांगल्या जाती दिल्या. १९८१ मध्ये वेंगुर्ला-४ आली, १९९७ मध्ये वेंगुर्ला-७. या सातव्या जातीची बी सुमारे १० ग्रॅमची, म्हणजे किलोला १०० बिया. पण केंद्रातले उत्तम झाड हे शेवटी केंद्रातलेच झाड. त्याची लाखो झाडे व्हायला मृदुकाष्ठ कलम लागले. दीड-दोन महिन्यांच्या रोपावर चांगल्या झाडाची काडी पाचर करून बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधायची. हे कलम बांधणारे हात गावागावांत तयार करावे लागले. रोपवाटिका उभ्या राहाव्या लागल्या. आणि १९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली, तेव्हा खड्डे खणायला आणि कलमे घ्यायला शेतकऱ्याच्या हातात अनुदान आले. जात, कलम, कारागीर, अनुदान या चारही कड्या जुळल्या, म्हणून काजू डोंगर चढला.

याच्या उलट उदाहरण रत्ना आंब्याचे. नीलम आणि हापूस यांचा हा संकर १९८१ चाच. हापूसला लागणारा साका त्यात नाही. शास्त्र म्हणून काम चोख. पण गिऱ्हाईक पेटीवर 'हापूस' हेच नाव शोधते. नव्या फळाचे नाव बाजारात रुजवणे हे कोणत्याच संशोधकाच्या नेमणूकपत्रात लिहिलेले नसते. तिथे एक कडी कमी पडली.

म्हणून विद्यापीठाची ताकद वाढवायची म्हणजे काय, याचे माझे उत्तर साधे आहे. आणखी एक इमारत, आणखी एक यंत्र, हे हवेच. पण त्याहून आधी 'अनुमानानंतर' काम करणारा माणूस हवा. त्याला पगार हवा आणि त्याचे काम बढतीत मोजले जायला हवे. प्रकल्प संपल्यावरही निदान दोन हंगाम पुरेल एवढा पैसा हवा. ३१ मार्च हे सरकारचे वर्ष झाले, कोकमाचे नव्हे. यंत्र कोण बनवणार, कोण दुरुस्त करणार, पेटंट घेतले तर परवाना कोणाला आणि कोणत्या अटींवर द्यायचा, हे ठरवणारा विभाग हवा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये नवोपक्रमासाठी स्वतंत्र संचालकाचे पद आहे. कृषी विद्यापीठांत शिक्षण आणि संशोधनाच्या बरोबरीने विस्ताराचे काम पहिल्यापासून आहे. खुर्च्या आहेत. त्या खुर्चीतल्या माणसाला वेळ, पैसा आणि चुकण्याची मुभा देणे बाकी आहे.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मला ही संधी मिळाली. दुसरा ड्रायर आम्ही त्याच वहिनींच्या अंगणात बसून आखला. जळणाला नारळाची सोडणे आणि करवंट्या. पहिल्या हंगामात सोलांना धुराचा वास लागला, सगळा माल वाया. दुसऱ्या हंगामात धुराची वाट वेगळी काढली, आणि जमले. गावातलाच वेल्डर तो बनवतो आणि दुरुस्तही करतो. आज सात गट तो वापरतात. सात हा आकडा लहान आहे, पण पहिल्या ड्रायरचा आकडा शून्य होता.

आता आपल्याशी संबंध असलेली एक गोष्ट. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी स्टीनबॉक यांनी दाखवून दिले की अन्नावर अतिनील किरण सोडले तर त्यात 'ड' जीवनसत्त्व तयार होते. मुलांचा मुडदूस टाळण्याचा तो मार्ग होता. पेटंटच्या अर्जासाठी त्यांनी पदरचे ३०० डॉलर घातले. आणि १९२५ मध्ये त्या विद्यापीठाच्या नऊ माजी विद्यार्थ्यांनी प्रत्येकी १०० डॉलर काढून एक संस्था उभी केली, विस्कॉन्सिन अ‍ॅल्युम्नी रिसर्च फाउंडेशन. परवान्यांतून येणारा पैसा पुन्हा विद्यापीठाच्या संशोधनाकडे वळवायचा, हे तिचे काम. ती संस्था आजही चालू आहे. नऊ माजी विद्यार्थी! आज या मंडपात आपण त्याच्या कितीतरी पट आहोत.

मी तुमच्याकडे फाउंडेशन मागत नाही. दोन गोष्टी मागते. आपल्यात काजू कारखानदार आहेत, होड्यांचे मालक आहेत, शिक्षक आहेत, सरपंच आहेत. आपली अडचण जवळच्या विद्यापीठाला लेखी कळवा, आणि तिथला कोणी यंत्र घेऊन दारात आला तर फोटोआधी विचारा, "हे बिघडलं तर कोण येणार? आणि मार्चनंतर कोण येणार?" दुसरी गोष्ट, आपल्या माजी विद्यार्थी निधीतून दरवर्षी एका उपकरणाच्या एका हंगामाच्या पाहणीचा खर्च काढू. शाळेतली नववीची मुले गटांकडे जाऊन नोंदी करतील. आकडे खरे लिहायचे, फसले तर फसले असे लिहायचे.

सर, तुम्ही समोर बसला आहात. त्या वेळी माझ्या प्रत्येक प्रयोगाखाली तुम्ही सही केलीत. कोकमाचा प्रयोग मात्र मी बरीच वर्षे अर्धवट ठेवला होता. आता पुढचे पान लिहायला घेतले आहे. सहीची घाई नाही.